लोंबता दोरा

लोंबता दोरा दिसला की मावशीचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. गळ्यात काळ्या नाडीला बोटभर लांबीची कातर अडकवलेली असायची. हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये तिची सव्वीस वर्षं गेली होती. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, ऑपरेशनच्या वेळी घालायचे हिरवे झगे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. बाहीला दोरा लोंबत असलेला डॉक्टर समोरून गेला तर ती "जरा थांबा" म्हणायची, आणि डॉक्टर थांबायचा. दोरा कापायची तिची रीत ठरलेली होती. आधी ताणायचा, मग कातर थेट मुळाशी न्यायची आणि दाबायची. वरच्यावर कापलेला दोरा म्हणजे तिच्या लेखी कामचुकारपणा.

सव्वीस वर्षांत या सवयीने तिचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते एका रविवारी सकाळी साडेआठ वाजता, शहराबाहेरच्या लहानशा धावपट्टीजवळच्या शेडमध्ये, आयुष्यातल्या पहिल्या पॅराशूट उडीला तासभर उरलेला असताना.

मुळात मावशी उडी मारायला तयार झाली हेच कोणाला खरं वाटत नव्हतं. ही बाई बल्ब बदलायला स्टुलावर चढत नसे. लिनन रूमच्या सगळ्यात वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं तर ती शिपायाला बोलवायची, आणि तो वर असेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पण दोन वर्षांपूर्वी तिची नात सातव्या महिन्यातच जन्मली आणि याच हॉस्पिटलात एक्केचाळीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. ते एक्केचाळीस दिवस सून बाळांच्या कक्षाबाहेर, कॉरिडॉरमधल्या लोखंडी बाकावर होती. बाकाला मधे मधे हात होते. कोणी आडवं होऊ नये म्हणून मुद्दाम बसवलेले. दर तीन तासांनी दूध काढून द्यायचं आणि मधल्या वेळात बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. पोटाचे टाके अजून ओले होते तेव्हा. मावशीने बाकासाठी गादी शिवून आणली. दुसऱ्या दिवशी जंतुसंसर्गाचं कारण सांगून ती उचलून नेली गेली. नियम बरोबर होता आणि मावशीला तो पाठ होता, म्हणून ती भांडली नाही. पण तो बाक तिच्या डोक्यातून गेला नाही.

यंदा हॉस्पिटलने ठरवलं, की कक्षाला लागून असलेली जुन्या फायलींची खोली बाळांच्या आयांना द्यायची. सहा पलंग, एक न्हाणीघर, दाराला आतून कडी. जागा हॉस्पिटल देणार. बाकीचा खर्च लोकांकडून उभा करायचा, तोही महिनाअखेरपर्यंत. नाही जमलं तर खोली एक्स-रे विभागाकडे जाणार होती. पॅराशूटच्या क्लबने आपला एक दिवस फुकट देऊ केला. हॉस्पिटलच्या सहा जणांनी उड्या मारायच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून आधी देणगीचे आकडे लिहून घ्यायचे. उडी झाली तर देणगी, नाहीतर नाही.

नोटीस बोर्डावरच्या कागदावर पाच सह्या पहिल्याच दिवशी झाल्या. सहावी ओळ आठवडाभर रिकामी राहिली. मावशी रोज येता-जाता ती ओळ बघायची. आठव्या दिवशी तिने सही केली आणि मग खाली बसून पाणी प्यायली.

सगळ्यात जास्त आकडे तिच्याच कागदावर भरले, आणि त्याचं कारण सोपं होतं. ती उडी मारणार नाही याची लोकांना खात्री होती. बॉयलरवाल्याने तर अर्धा पगार लिहिला.

"मावशी, तुम्ही नुसत्या विमानात चढलात ना, तरी मी मिशी काढेन," तो म्हणाला.

"मिशी असू दे. पाकीट काढून ठेव."

सहा जणांच्या आकड्यांची बेरीज खोलीच्या खर्चाला जेमतेम पुरत होती. सहापैकी एक जरी गळला, तरी खोली हातची जाणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्या रविवारी सकाळी धावपट्टीवर जमलेली मंडळी हसत-खिदळत असली तरी अधूनमधून एकमेकांकडे चोरून बघत होती.

त्यात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता, अंगाने काटकुळा म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. बाळांच्या कक्षाची सिस्टर होती. भूल देणारे डॉक्टर होते, आणि स्वयंपाकघरातले दोघे. उडी शिकवणारा मास्तर उंच, शांत माणूस होता. त्याने सगळ्यांना गोल उभं करून पुन्हा एकदा समजावलं.

"तुम्हाला एकट्याने काहीच करायचं नाहीये. तुमचे पट्टे माझ्या पट्ट्यांना जोडलेले असतील. पॅराशूट माझ्या पाठीवर. अशा जोडीच्या पॅराशूट आपल्याकडे दोन, आणि आम्ही मास्तरही दोन. म्हणजे एका फेरीत दोन जण, तीन फेऱ्यांत काम फत्ते. फक्त वाऱ्याचं बघायचं. साडेअकराच्या सुमाराला इथे वारा उठतो. एकदा उठला की नवख्या माणसाला घेऊन मी वर जात नाही."

"आणि मास्तर, ऐन वेळी कोणाचे पाय लटपटले तर?" पैलवानाने मावशीकडे बघत विचारलं.

"पाय तसेही हवेतच असतात," मास्तर म्हणाला.

मावशीला उडीसाठी दिलेला गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध अंगरखा पायात वीतभर लांब होता. मास्तरने तो बघितला आणि तिला शेडच्या आतल्या खोलीत पाठवलं. तिथे पॅराशूट बांधणारी बाई बसायची. साठीच्या आसपासची, चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांची टोकं दोरांनी घासून गुळगुळीत झालेली. खोलीत एक लांबच लांब टेबल आणि कोपऱ्यात शिलाई मशीन. मशीन बघून मावशीच्या जिवात जीव आला.

"मी मुडपून घेऊ का?" तिने विचारलं. "माझं रोजचंच काम आहे."

बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "सुई जाड आहे, हळू चालवा," ती म्हणाली, आणि बाहेरून मास्तरची हाक आली म्हणून गेली.

मावशीने पाच मिनिटांत दोन्ही पाय मुडपून टीप मारली. दोरे कापले, अंगरखा झटकला, आणि आता जायला वळणार तेवढ्यात टेबलावर नजर गेली. तिथे पॅराशूटच्या दोन मोठ्या पाठपिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, वरचे झाप उघडे. शिलाई अशी की बघत राहावं. टाका टाक्याला लागून, कुठे सुरकुती नाही, कोपऱ्याकोपऱ्यात उलटसुलट चारदा मारलेली टीप. आणि अशा देखण्या कामात, अलीकडच्या पिशवीच्या झापाखालून, एक बारीक लाल दोरा दोन बोटं बाहेर लोंबत होता.

मावशीने तो ताणला, कातर मुळाशी नेली आणि दाबली.

दोऱ्याबरोबर काहीतरी टेबलावर पडलं. मसुरीच्या डाळीएवढा शिशाचा मणी, चपटा केलेला, त्यावर कसलासा ठसा. मावशीने तो तळहातावर घेतला. मग तिने पलीकडच्या पिशवीचा झाप बघितला. तिथेही लाल दोरा होता, तितकाच लांब. एका धातूच्या पिनेभोवती फिरवलेला, आणि तसाच मणी दाबून बंद केलेला.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. विमान अजून सुरूही झालेलं नव्हतं.

हा दोरा उसवलेला नव्हता. कोणीतरी मोजूनमापून, मुद्दाम बांधलेला होता. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, पण सील कशाला म्हणतात हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

खोलीत कोणी नव्हतं. बाहेर पैलवान कशावर तरी जोरात हसत होता. मावशीने दोऱ्याची दोन्ही टोकं बघितली. कातर धारदार, त्यामुळे टोकं स्वच्छ होती. मशीनच्या खणात बारीक सुई होती. तिचं रफू शोधायला लोक भिंग आणायचे. हा तर नुसता दोरा. दोन मिनिटांचं काम. टोकांना टोकं मिळवायची, मणी जागेवर सरकवायचा, झाप लावायचा. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि सांगितलं तर? एक पिशवी बाद. एका पिशवीवर सहा जण, साडेअकराच्या आत. आकडेमोडीची गरजच नव्हती. सगळ्यांच्या उड्या होत नव्हत्या. एक जरी उरला तरी खोली गेली, आणि ती गेली मावशीच्या कातरीने.

तिने खणातून सुई काढली. दोरा ओवण्यासाठी टोक ओठात धरून ओलं केलं. तेव्हा तिला ऑपरेशनच्या गाठोड्यांची आठवण झाली.

लिनन रूममध्ये रोज सकाळी हिरवी कापडं ठरलेल्या घडीने बांधली जायची, वरून एक पट्टी चिकटवून वाफेच्या मशीनमध्ये जायची. वाफ नीट लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या व्हायच्या. ती पट्टी शाबूत म्हणजे गाठोडं वापरायला चांगलं. मागच्याच वर्षी एका नव्या नर्सने चुकून पट्टी फाडली, आत बघितलंही नाही, आणि दुसरी पट्टी लावून गाठोडं फळीवर ठेवून दिलं. मावशीने तिला सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत काय बिघडलंय ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही," मावशी म्हणाली होती. "आणि ज्याच्या पोटावर हे पसरणार आहेत तो तर झोपलेला आहे."

मावशीने दोरा ओठातून काढला. सुई खणात ठेवली. दोरा आणि मणी तळहातावर घेऊन ती खुर्चीवर बसून राहिली.

बांधणारी बाई दोन कप चहा घेऊन आली. मावशीने हात पुढे केला.

बाईने कप खाली ठेवले. आधी दोऱ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग मावशीच्या गळ्याकडे.

"ती कातर काढा," ती म्हणाली.

मावशीने नाडी डोक्यावरून काढून दिली. बाईने ती दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"कोणी बघितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मग सांगितलंत कशाला?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्याकडे पट्टी तुटलेलं गाठोडं परत वाफेत जातं," मावशी म्हणाली, आणि गाठोडं म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं.

बाईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "या पिशवीत दोन पॅराशूट असतात. एक मोठी, रोज वापरायची. ती उघडली नाही तर दुसरी, राखीव. ती मी बांधते. बांधून झाली की हा दोरा. तो काही धरून ठेवत नाही, ओढला की तुटावा असाच असतो. माझ्यानंतर कोणी हात लावलेला नाही, एवढंच तो सांगतो."

"म्हणजे आत काही बिघडलं नसेल?"

"नसेल." तिने चहाचा कप उचलला. "पण 'नसेल'वर मी कोणाला वर पाठवत नाही. राखीव पूर्ण उघडायची, तपासायची, परत बांधायची. तीन तास."

बाहेर येऊन मावशीने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. झाकपाक केली नाही आणि रडलीही नाही. सिस्टरने दोन्ही हात डोक्याला लावले. डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले. सगळ्यात आधी पैलवान बोलला.

"वा मावशी! शत्रूला जमणार नाही ते एका कातरीने केलंत. अख्खी फौज जमिनीवर."

"फौज कसली, अडीच किलोचा तू," मावशी म्हणाली, पण नेहमीचा जोर नव्हता.

मास्तरने हिशेब मांडला. चांगली पिशवी एक. एक जण वर, खाली आला की दुसरा मास्तर मोठ्या पॅराशूटची घडी घालणार, मग पुढचा. वारा उठेपर्यंत चार जण, फार तर. "वारा संध्याकाळी पडला तर उरलेले दोघे, नाहीतर नाही. शेवटचे दोन कोण?"

"एक मी," मावशी म्हणाली. "ते विचारूच नका."

दुसऱ्याची चिठ्ठी काढली. ती सिस्टरची निघाली. सिस्टर मावशीला एक शब्द बोलली नाही. तो न बोललेला शब्द मावशीला बरोबर ऐकू आला.

सून कुंपणाजवळच्या लाकडी बाकावर बसली होती. तीच सकाळी गाडी चालवत मावशीला घेऊन आली होती. मुलगा नातीला सांभाळत घरी होता, आणि त्याचा या सगळ्याला विरोधच होता. मावशी तिच्याजवळ गेली.

"ऐकलंस?"

"ऐकलं." सुनेने खांद्यावरची ओढणी उगाच सारखी केली. "आई, देवाने दिलेली वाट समजा आणि घरी चला. कोणी काही म्हणणार नाही. मी तर मुळीच नाही. माझे ते दिवस गेले आता."

"तुझे गेले," मावशी म्हणाली. "बाक तिथेच आहे."

मग ती आत गेली. बांधणारी बाई राखीव पॅराशूट टेबलावर पसरत होती. मावशीने बाह्या वर सारल्या.

"धरायला कोणी हवं असेल तर मी आहे. कातर तर तुम्ही घेतलीच आहे."

बाईने तिच्या हातांकडे बघितलं. "धरा. मी सांगेन तेवढंच. स्वतःच्या अकलेने काही नाही."

"नाही."

पुढचे अडीच तास दोघी त्याच टेबलाशी होत्या. बाई एकेक दोरी मुळापासून टोकापर्यंत दोन बोटांमधून सरकवत गेली. मावशी दुसरं टोक ताणून उभी राहिली. मग कापड. प्रत्येक पट्टा उजेडासमोर धरायचा, शिवणीवर नखाने दाबून बघायचं, पुढचा घ्यायचा. एके ठिकाणी बाई थांबली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि पुढे गेली. मावशीने विचारलं नाही. हात कुठे थांबतो आणि का, हे तिला न विचारता कळत होतं. घडी घालायची वेळ आली तेव्हा बाई गुडघ्यांनी कापडावर बसून त्यातली हवा काढत होती, आणि मावशी सांगितलेल्या जागी तळहात दाबून होती. तिला तेव्हा जाणवलं, की इतक्या वेळात तिला उडीची आठवणही झाली नव्हती.

बाहेर विमान चारदा गेलं आणि चारदा आलं. चौथ्या वेळी पैलवान उतरला. त्याचा आरडाओरडा आतपर्यंत ऐकू आला. आधी नुसता आवाज, मग शब्द: "अजून एकदा! अजून एकदा!"

बाईने नवा लाल दोरा घेतला, पिनेभोवती फिरवला, मणी ओवला आणि एका पकडीने दाबला. टोक दोन बोटं बाहेर राहिलं.

"टोक ठेवता कशाला?" मावशीने विचारलं.

"दुरून दिसावा म्हणून. तुमच्यासारख्यांना दिसू नये म्हणून काय करायचं ते बघावं लागेल."

दोघी पहिल्यांदाच हसल्या. तेवढ्यात छपराचा पत्रा खडखडला. बाईने मान वर केली. धावपट्टीच्या टोकाला खांबावर अडकवलेली कापडी नळी आडवी झाली होती. वारा उठला होता.

दुपार वाट बघण्यात गेली. डॉक्टर आणि स्वयंपाकघरातले दोघे निघून गेले. पैलवान राहिला, कारण विचारलं तर म्हणाला, बॉयलरवाल्याला फोनवर डोळ्यांदेखतचं वर्णन द्यायचंय. सिस्टरची रात्री आठला ड्यूटी होती. ती एका झाडाखाली पाय पसरून बसली होती. मावशी तिच्याशेजारी जाऊन बसली.

"माझं चुकलं," मावशी म्हणाली.

"हो," सिस्टर म्हणाली. बराच वेळ ती नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गप्प बसला असतात आणि मला नंतर कळलं असतं, तर तुमच्याकडची एक चादर घेतली नसती मी माझ्या वॉर्डात."

नंतर तिने डब्यातलं सफरचंद कापून अर्धं मावशीला दिलं.

मावशीने कुंपणाकडे बघितलं. सून बाकावर झोपली होती. ताठ बसून, मान जराशी कुंपणाला, हात मांडीवर एकात एक. बाक चांगला लांबलचक होता, मधे एकही हात नव्हता, आडवं व्हायला कोणी ना म्हणणार नव्हतं. तरी ती बसूनच झोपली होती. एक्केचाळीस दिवसांत शिकलेलं अंगातून गेलं नव्हतं. मावशीने सफरचंदाची फोड तशीच हातात धरून ठेवली.

सव्वापाचला वारा पडला आणि नळी खाली लोंबू लागली. मास्तरने दहा मिनिटं वाट बघितली, आणखी दहा बघितली, आणि मग हात वर केला.

दोन्ही पिशव्या बाहेर आल्या. मास्तर म्हणाला, "नव्याने बांधलेली कोणाला चालेल? दोन्ही सारख्याच आहेत, पण विचारलेलं बरं."

सिस्टर काही बोलायच्या आत मावशीने बोट दाखवलं. "ती आमची."

ती विमानाच्या पायऱ्या चढली तेव्हा पैलवान फोनमध्ये ओरडला, "चढली! वस्तरा काढ!"

विमान वर जाताना मावशीने डोळे मिटून घेतले नाहीत. तिने समोरच्या सिस्टरच्या पट्ट्याची शिवण मोजली. एका बोटात आठ टाके. पट्टा संपला तेव्हा दार उघडलं. आवाज इतका आला की विचारही ऐकू येईना. सिस्टर आणि दुसरा मास्तर दारात बसले, आणि पुढच्या क्षणी तिथे कोणी नव्हतं. मग मावशीला घेऊन मास्तर पुढे सरकला. तिचे पाय बाहेर लोंबू लागले. खाली शेतं होती की ढग, तिला कळलं नाही. हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथे कातर नव्हती.

"जरा थांबा," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी थांबलं नाही.

त्यानंतरचं पाऊण मिनिट तिला कधीच नीट सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ती म्हणायची, "वारा होता." मग पट्ट्यांनी तिला काखेत धरून वर खेचलं, आणि आवाज बंद झाला. एकदम. लिनन रूमची सगळी मशीनं रविवारी बंद असतात तसा.

"झालं," कानामागे मास्तर म्हणाला. "मोठी उघडली. आता खाली बघा. डाव्या हाताला तलाव आहे. लोक यासाठी पैसे देतात."

मावशी खाली बघेना. ती मान मागे टाकून वर बघत होती.

"बघा ना खाली. भीती वाटतेय का?"

"दुहेरी शिलाई आहे," मावशी म्हणाली.

"काय?"

"वर. पट्ट्यापट्ट्याला. चांगली आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "राखीवची याहून बारीक आहे. मी बघितलीय."

मास्तर हसला ते तिला पाठीवर जाणवलं. मग तिने मान खाली केली. तलाव होता. रस्ता होता, त्यावर गाडी स्वस्थपणे चालली होती. शेड काडेपेटीएवढी, कुंपण म्हणजे एक टीप. कुंपणाजवळच्या बाकावरून कोणीतरी उठून उभं राहिलं होतं आणि दोन्ही हात हलवत होतं. मावशीने हात हलवायला एक पट्टा सोडला, आणि घाबरून पुन्हा धरला.

ती गवतावर बसल्या बसल्या उतरली. सून पळत आली, पण तिच्या आधी बांधणारी बाई पोहोचली. तिने मावशीला काही विचारलं नाही. मास्तरच्या पाठीवरचा झाप उघडून लाल दोरा बघितला, अंगठ्याने मणी चाचपला, आणि मगच म्हणाली, "या. चहा ठेवलाय."

"बॉयलरवाला काय म्हणाला?" सिस्टरने पैलवानाला विचारलं.

"आधी म्हणाला, शपथ घे. मी घेतली. मग म्हणाला, मिशीचं तो गमतीत बोलला होता."

"आणि पैसे?"

"ते नाही म्हणाला गमतीत."

चहा झाला, अंगरखे परत दिले, आणि सगळे गाड्यांकडे निघाले. मावशी गाडीत बसली तरी बाई कातर द्यायचं नाव घेईना. पिशव्या आत गेल्या, शेडला कुलूप लागलं, तेव्हा ती गाडीजवळ आली आणि खिडकीतून नाडी आत सोडली.

"आता घाला गळ्यात," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी आलात तर आधी माझ्याकडे जमा."

"पुढच्या वर्षी मी येतेय कशाला?"

"राखीव दर सहा महिन्यांनी उघडावी लागते. धरायला माणूस लागतं."

सून गाडी चालवत होती. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मावशीला दिसलं, सुनेच्या ओढणीच्या काठाला एक दोरा लोंबत होता. तिचा हात गळ्याकडे गेला, कातर हातात आली, दुसऱ्या हाताने दोरा ताणला. आणि ती थांबली.

"हा दोरा कशाचा गं?"

"कशाचा म्हणजे? उसवलाय."

"नक्की? काही बांधलेलं वगैरे नाही ना त्याने?"

"आई," सून म्हणाली, "हिरवा लागायच्या आत कापा."